कुठे लागलास का?

हरतालिकेच्या दिवशी मुंबईची गाडी रत्नागिरी स्टेशनात रिकामी होते आणि तासाभरात शेजारच्या मिरजोळे गावाच्या वाड्यांमधली, वर्षभर कुलूप लावलेली घरं उघडतात. ओटी झाडली जाते, गणपतीच्या सजावटीचं सामान माळ्यावरून खाली येतं, चहाचं मोठं पातेलं चढतं. पहिला कप संपायच्या आत एक प्रश्न विचारला जातो. विचारणारे कधी काका असतात, कधी आत्या, कधी भावकीतलं लांबचं कोणी. ज्याला विचारायचा तो तेवीस-चोवीस वर्षांचा, बी.कॉम. किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, आणि नेमका त्याच वेळी टाळांची पिशवी शोधण्यात गुंतलेला.

"काय रे, कुठे लागलास का?"

"बघतोय."

एवढ्यावर बोलणं संपतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. चौकशी केली नाही तर हाच म्हणेल, मुंबईला गेल्यावर काका विसरले. पण 'बघतोय' म्हणणाऱ्याला पुढचे पाच दिवस तो प्रश्न घरभर फिरताना दिसतो. आरतीला, पंगतीला, रात्री पत्त्यांच्या डावात. मग विसर्जन होतं, नारळ-तांदळाच्या पिशव्या गाडीत चढतात, घरांना कुलपं लागतात आणि तो मागे उरतो.

मराठी भाषेने अशा मुलांवर जरा अन्यायच केला आहे. 'बेकार' हा फारसीतून आलेला शब्द. 'कार' म्हणजे काम, ते ज्याला नाही तो बेकार, इतका सरळ. पण आपण तोच शब्द फसलेल्या सिनेमाला लावतो, बेचव चहाला लावतो, खड्ड्यांच्या रस्त्याला लावतो. ज्याच्या हाताला काम नाही तो आणि जे मुळातच टाकाऊ ते, दोघांना एकच विशेषण. सरकारी अर्जावर 'सुशिक्षित बेरोजगार' असं भारदस्त लिहिलेलं असतं, पण वाडीत कोणी ते तोंडाने म्हणत नाही. उलट ज्याला नोकरी मिळाली त्याच्यासाठी शब्दांची चढती भांजणीच आहे: लागला, चिकटला, परमनंट झाला. तिन्ही शब्दांत माणूस कशाला तरी जोडला जातो. न लागलेला आपोआप सुटा पडतो.

हे 'लागणं' रत्नागिरी जिल्ह्याने शंभर-सव्वाशे वर्षांत घडवलेलं माप आहे. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या कापडगिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता. गावातला एक जण गिरणीत असला की तो भावाला, भाच्याला, शेजाऱ्याला बोलावून घेई. मुकादम ओळखीचा असे, राहायला गावकीची खोली असे. पहिल्याच दिवशी कायम काम मिळे असं मुळीच नाही. कित्येक जण 'बदली' म्हणून वर्षानुवर्षं काढत. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कोणी खाडा केला तर आत जायचं, नाहीतर खोलीवर परत. आजच्या हिशेबाने तो अर्धा बेकारच. पण त्याच्या वाट पाहण्याला एक नाव होतं, ठरलेली वेळ होती, उभं राहायला जागा होती, आणि शेजारी त्याच्यासारखेच आणखी शंभर जण उभे होते. घरी पत्र जाई ते 'मुंबईला आहे' असं. त्या दोन शब्दांत घराची पत राही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. मनीऑर्डरीही थांबल्या. गाव सोडण्याची ओढ मात्र थांबली नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. २०११ च्या गणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ इथे मुली जास्त जन्मतात असा नाही. कामाच्या वयाचे पुरुष इथे नसतात. अशा जिल्ह्यात पंचविशीचा धडधाकट मुलगा सकाळी अकरा वाजता ओटीवर दिसला की त्याच्या तिथे असण्याचंच स्पष्टीकरण लागतं. गेला तो पुढे गेला. राहिला तो मागे राहिला. गिरणी गेली, पण तिने दिलेली मोजपट्टी घराघरात तशीच खुंटीला आहे.

मिरजोळ्यात ही पट्टी आणखी विचित्र दिसते, कारण इथे काम डोळ्यांसमोर आहे. एमआयडीसी याच गावात. मासळीवर प्रक्रिया करून ती परदेशी पाठवणारा कारखाना इथे आहे, लहान-मोठी वर्कशॉप आहेत, आणि त्याच वसाहतीत १९९६ साली सुरू झालेलं इंजिनीअरिंग कॉलेजही आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर अभियंते तयार होतात आणि कारखान्यांच्या पाट्या लागलेल्या असतात. तरी पदवी घेतलेला मुलगा संध्याकाळी ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतो. कारखान्याच्या फाटकातून सकाळी आत जाणाऱ्यांत अनेक जण लांबच्या राज्यांतले असतात. आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसं येतात, तेही आता नवलाचं राहिलेलं नाही.

इथे एक टोमणा हमखास ऐकू येतो: काम नाही असं नाही, यांना काम नको. तो सरसकट खोटा म्हणता येणार नाही. ठेकेदाराकडे आठ दिवस जाऊन नवव्या दिवशी न सांगता घरी बसलेली मुलं आहेत, आणि 'पोरं टिकत नाहीत' ही कारखानदारांची तक्रारही जुनी आहे. पण त्या मुलाला लहानपणापासून काय सांगितलं गेलं तेही ऐकायला हवं. "शिक, नाहीतर बोटीवर जाशील." "शिक, नाहीतर लोकांच्या बागेत औषध मारशील." ज्या कामांची भीती घालून त्याला पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात बसवलं, तीच कामं आता त्याने हसतमुखाने करावीत अशी अपेक्षा आहे. बागेत जायला अंगमेहनतीचं भय नसतं. घरच्या बागेत तो जातोच. दुसऱ्याच्या बागेत रोजावर जाणं म्हणजे पदवी फुकट गेली हे गावासमोर स्वतःच जाहीर करणं. नेपाळहून आलेल्या माणसाला इथे कोणी ओळखत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. त्याचे काका इथे गणपतीला येत नाहीत.

आता निकालांकडे बघू. दहावी-बारावीच्या परीक्षा मंडळाचा कोकण विभाग २०१२ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून उत्तीर्णांच्या टक्केवारीत तो राज्यात पहिला येत आला आहे. २०२४ मध्ये दहावीला कोकणातली ९९.०१ टक्के मुलं पास झाली, बारावीला ९७.५१ टक्के. बातम्यांत दरवर्षी तोच मथळा असतो, कोकणची मुलं हुशार. हुशार आहेतच. पण याची दुसरी बाजू अशी की इथल्या मुलाला बाविसाव्या वर्षापर्यंत नापास होणं म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. शंभरात एखादाच नापास होतो, आणि तो आपण नसतो. शाळेतल्या नापासाला निदान गुणपत्रिका मिळते. कुठल्या विषयात, किती मार्कांनी, फेरपरीक्षा कधी, सगळं छापलेलं. नोकरीच्या बाजारात ना विषय कळतो, ना मार्क. 'आम्ही कळवू' एवढंच, आणि तेही पुष्कळदा नाही. कारण कळलं नाही की माणूस ते स्वतःत शोधायला लागतो. आपलं इंग्रजी कच्चं असेल. आपला चेहराच तसा असेल. आपणच तसे असू.

गंमत अशी की हा हिशेब कागदावर मांडला तर तो एकाचा दोष म्हणून दिसतच नाही. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून जास्त. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदं होती, अर्ज दहा लाखांच्या वर, आणि खुल्या गटासाठी फी हजार रुपये. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे अंधारात सोळाशे मीटर धावतात, गोळा फेकतात, एकमेकांच्या वेळा मोबाईलवर लावून बघतात. 'ग्राउंड निघालं, लेखीत गेलो', 'दोन मार्कांनी मेरिट हुकलं' अशी त्यांची भाषा. समजा, त्या सतरा लाखांतला प्रत्येक जण सारखाच जोरात धावला, सगळ्यांनी सारखाच अभ्यास केला. तरी शंभरातले नव्याण्णव बाहेरच राहिले असते. धावण्याची वेळ सुधारता येते. जागांचा आकडा धावून वाढत नाही.

शिकलेल्यांची अडचण तर आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मानव विकास संस्थेबरोबर २०२४ साली भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के, असं त्यात नोंदवलं आहे. शिकून बेकारी वाढते असा याचा सरळ अर्थ लावणं चुकीचं ठरेल. ज्याच्या घरात आज काम न केल्यास चूल पेटत नाही, त्याला बेकार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते करतो आणि आकडेवारीत कामकरी म्हणून बसतो. पदवीधराच्या घराने त्याला थोडं थांबायची मुभा दिलेली असते, बहुतेक वेळा काजू-आंब्याच्या पैशांतून, बापाच्या पेन्शनीतून नाहीतर बहिणीच्या पगारातून. ती मुभा म्हणजे उपकार आहे आणि ओझंही. रोज दुपारी ताट पुढे येतं तेव्हा ते कळतं. कोणी काही बोलत नाही. भाजी आधी त्याला वाढली जाते, हेच टोचतं.

अशा मुलाला धीर द्यायला थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगायची पद्धत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांची वाण नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला गेले, शंभराहून जास्त मैल, पायी. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण असण्याची अट होती. ती त्यांनी पुरी केलेली होती, पण अंगाने ते लहानखुरे. परीक्षा समितीच्या प्रमुखाने बघितलं आणि हा सतराचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. पुढे ते शिकले, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, महिला विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले.

शाळेत ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि लगेच विद्यापीठावर येतात. मधली वाट कोणी सांगत नाही: साताऱ्याहून मुरुडपर्यंतची परतीची. त्या वाटेवर चालणारा मुलगा भावी भारतरत्न नव्हता. तो फक्त परत पाठवलेला एक मुलगा होता, त्याला काय येतं हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि घरी गेल्यावर काय सांगायचं हा प्रश्न त्याच्यापुढे असणारच. आज रत्नागिरीच्या उमेदवाराला परीक्षेचं केंद्र लांबच्या जिल्ह्यात मिळतं, तो रात्रीच्या एसटीने जातो आणि दुसऱ्या रात्रीच्या एसटीने परत येतो, तेव्हा त्याची ओळख त्या परतीच्या कर्व्यांशी आहे. पुतळ्यातल्या कर्व्यांशी ती नाही. थोरांच्या गोष्टी धीर देतात खऱ्या, पण त्या शेवट माहीत असलेल्या गोष्टी असतात. पंचविशीतल्या मुलाला शेवट माहीत नसतो, आणि सतरा लाखांतल्या प्रत्येकाला भारतरत्न होऊन स्वतःला सिद्ध करता येणार नाही.

काम नसण्याचं मनावर काय होतं याचा एक जुना, बारकाईने केलेला अभ्यास ऑस्ट्रियातला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे संशोधक तिथे गेले. त्यांचं पुस्तक १९३३ मध्ये आलं. कोणालाही वाटेल की रिकाम्या वेळात लोक वाचतील, राजकारणात भाग घेतील. गावच्या वाचनालयाने वर्गणीही माफ केली होती. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. संशोधकांनी घड्याळ लावून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका मात्र पूर्वीसारख्याच लगबगीत, कारण घरचं काम बंद पडलेलं नव्हतं. पुरुषांना सकाळपासून काय केलं ते नीट आठवेनासं झालं होतं.

याहोडाने पुढे मांडलं ते असं: नोकरी पगार देतेच, पण त्याशिवाय दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, आपल्याहून मोठ्या कशात तरी वाटा देते, समाजात एक जागा देते आणि हातपाय हलते ठेवते. पगार गेल्याचं सगळ्यांना दिसतं. बाकीचं गेलेलं फक्त त्या माणसाला जाणवतं, आणि त्याला ते आपला आळस वाटतं. 'दिवसभर मोकळा असतोस, मग अभ्यास का होत नाही?' या प्रश्नाचं उत्तर मारिएन्थालच्या वाचनालयात आहे.

मिरजोळ्यात आणि मारिएन्थालमध्ये एक मोठा फरक आहे. तिथे जवळजवळ सगळेच एकत्र बेकार झाले, त्यामुळे दोष गिरणीचा हे लहान पोरालाही कळत होतं. इथे प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या फोनसमोर, एकेकटा बेकार आहे. त्याच फोनवर वर्गातल्या मित्राचा ऑफिसच्या ओळखपत्राचा फोटो येतो. पुण्यात चौघांत एक खोली आहे आणि पगार भाड्यात जातो, हे त्या फोटोत मावत नाही.

आणि ज्याला 'काही करत नाही' म्हणतात, तो खरंच काही करत नाही का? उन्हाळ्यात कोकणात गावोगावी अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा होतात. त्या भरवणाऱ्याकडे जवळून बघावं. सोळा संघांची यादी, प्रवेश फी, मैदान सपाट करणं, मंडप, माईक, चषक, टी-शर्टवर कोणत्या दुकानदाराचं नाव, पंचांची जेवणं, हरलेल्या संघाची भांडणं, शेवटी उरलेल्या पैशांचा हिशेब मंडळापुढे. शिमग्याला पालखी वाडीवाडीत फिरते तेव्हा खांदा कोणाचा, वाट कुठली, वेळ किती, हेही हीच मुलं सांभाळतात. शहरात या कामाला इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचं बिल लावतात. वाडीत त्याचं नाव 'उनाडक्या'. मुलगासुद्धा आपल्या बायोडेटात हे लिहीत नाही, कारण त्याला स्वतःलाही ते काम वाटत नाही.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. तेवढेच मार्क, तीच पदवी, तेच न आलेले फोन. पण 'घरी असते' म्हटलं की चौकशी संपते आणि स्थळांकडे वळते. तिच्या बेकारीला अपयश असंही कोणी म्हणत नाही, कारण तिने यशस्वी व्हावं अशी अपेक्षाच अर्धी होती. मुलाकडे मात्र तोच प्रश्न लग्नाच्या वाटेने परत येतो. मुलगा काय करतो? मुंबईला खोली आहे का? पाच एकर कलमांची बाग असलेला मुलगा नाकारला जातो आणि भाड्याच्या घरात राहणारा पगारदार पसंत पडतो, ही तक्रार कोकणात घरोघर ऐकू येते. पट्टी तीच, गिरणीच्या काळातली.

सरकारकडे मात्र वेगळीच पट्टी आहे. केंद्राच्या श्रमबल पाहणीत साप्ताहिक मोजणी अशी होते: मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, घरच्या शेतीत विनापगार का होईना, तरी तो माणूस कामावर धरला जातो. २०२३-२४ च्या वार्षिक आकड्यांत १५ ते २९ वयोगटातली देशातली बेकारी १०.२ टक्के आहे. ती मोजताना वर्षभरातलं कामही धरतात, पण घरच्या शेतीत राबणारा तिथेही कामकऱ्यांतच बसतो.

समजा, जुलैच्या एखाद्या सकाळी पाहणी करणारा कर्मचारी टॅब घेऊन मिरजोळ्यातल्या अशा एका घरी आला. पाऊस लागून राहिलेला, लावणीची घाई. मुलगा पहाटेपासून शेतात होता. आता तो मागच्या दाराशी गुडघ्यापर्यंतचा चिखल धुतोय. कर्मचारी ओटीवर टेकून विचारतो, घरात कमावतं कोण, कोण काय काम करतं. आई पदराला हात पुसत बाहेर येते. सुनेचं सांगते, नवऱ्याच्या पेन्शनीचं सांगते, मुंबईच्या थोरल्याचं तर कंपनीच्या नावासकट सांगते. मग धाकट्यावर येते.

"तो काय नाय करत. घरीच असतो."

मागच्या दारी तांब्यातलं पाणी पायांवर पडल्याचा आवाज येतो. कर्मचारी क्षणभर तिकडे बघतो आणि विचारतो, "गेल्या सात दिवसांत शेतात गेला होता का?"

"शेतात होय? शेतात रोजच असतो."

कर्मचारी टॅबवर खूण करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो.